दुधाच्या घरातली काळी कॉफी

आमच्या घरात सकाळचा चहा मी करतो. लग्नानंतर लवकरच ही पद्धत पडली आणि पुढं तशीच राहिली. राजुरीत आमचं घर मळ्यात आहे. घराच्या मागं गोठा आणि गोठ्याच्या पलीकडं लगेच ऊस. उसात बिबट्या असतो, म्हणून पहाटे धारेला एकट्यानं जायचं नाही, हे आमच्याकडं सगळ्याच वस्त्यांवर ठरलेलं आहे. मी बॅटरी घेऊन पुढं, बायको बादल्या घेऊन मागं. गाईंना मशीन लावायचं काम माझं. एक म्हातारी गाय तेवढी मशीनला पाय झाडते. तिची धार बायको हातानं काढते, सगळ्यात शेवटी. तोवर मी कॅनमधून तांब्याभर ताजं दूध काढून घरात येतो आणि चहा ठेवतो. नुसत्या दुधाचा, पाण्याचा थेंब नाही. आलं ठेचून घालतो, साखर सढळ. ती हात धुऊन येईपर्यंत चहा गाळलेला असतो. मागच्या दाराच्या पायरीवर बसून आम्ही दोघं तो पितो, मग मी कॅन मोटारसायकलला अडकवून डेअरीवर जातो; तिथं गावाचं दूध तपासून घ्यायचं कामही माझंच.

पायरीवर आम्ही फार बोलत नाही. कुठल्या गाईनं आज कमी दिलं, कुठली माजावर आली, पुण्याहून लेकीचा फोन आला होता का, एवढंच. पण दिवसभरात आम्ही दोघं एका जागी रिकाम्या हातांनी बसतो ते तेवढंच. त्या चहाचा मला अभिमान होता. आल्यागेल्याला मी सांगायचो, हिला माझ्याच हातचा चहा लागतो. ती हसायची. ते हसणं म्हणजे होकारच, असं मी धरून चाललो होतो.

मागच्या दिवाळीत लेक पुण्याहून आली तेव्हा तिनं माझ्यासाठी एक बॅटरी आणली होती. चांगली, लांब झोत पडणारी, उसाच्या शेवटच्या सरीपर्यंत उजेड जाईल अशी. आणि आईसाठी एक खोकं. खोक्यात काचेचं एक उंच भांडं होतं, त्याला स्टीलचा कठडा आणि कान, वर झाकण, झाकणातून खाली उतरणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला गोल जाळी.

"हे काय गं? ताक घुसळायचं?" बायकोनं विचारलं.

"फ्रेंच प्रेस आहे आई. कॉफीचं. माझ्याकडं आहे तसंच."

मी बॅटरी हातात घेऊन उभा होतो. मला कामाची वस्तू आणली आणि आईला हौसेची, हे तेव्हाच माझ्या मनात आलं. इतकी चांगली बॅटरी होती, तरी आलं. ते मी मनात दाबून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गॅसपाशी उभ्या राहिल्या. लेकीनं कॉफीची पिशवी उघडली तसा घरभर भाजल्याचा वास पसरला. पावडर बारीक नव्हती, लापशीच्या रव्यासारखी जाडसर होती.

"पाणी उकळलं की लगेच नाही ओतायचं, आई. उकळी बसू दे."

"म्हंजी गार करू?"

"गार नाही गं. खदखद थांबली की ओत. सगळी पावडर भिजली पाहिजे. आता एकदा चमच्यानं हलव. झाकण ठेव, दांडा वरच राहू दे."

"आता?"

"आता काही नाही. चार मिनिटं थांबायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

बायको ओट्याला टेकली आणि हसली. "ह्या घरात नुसतं थांबायचं काम पहिल्यांदाच आलंय."

मग लेकीनं आईचा तळवा दांड्यावर ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि दोघींनी मिळून तो हळूहळू खाली दाबला. जोर लावायचा नाही, जाळी आपोआप जाते तशी जाऊ द्यायची, असं ती सांगत होती. पावडर तळाशी बसली आणि वर काळंभोर पाणी राहिलं. सगळं एकदम ओतून घ्यायचं, भांड्यात मागं ठेवलं तर कडू होतं, हेही तिनं सांगितलं. बायकोनं घोट घेतला. ती तोंड वाकडं करील म्हणून मी वाट बघत होतो.

"कडू हाय," ती म्हणाली. आणखी एक घोट घेतला. "पण बरं कडू हाय."

"दूध घाल की त्यात," मी म्हणालो. दुधाचा तांब्या माझ्या हातातच होता.

बायकोनं कपावर तळवा ठेवला. मी ते पाहिलं, पण त्यावर विचार केला नाही.

लेक परत गेली आणि मला वाटलं, आता हे खोकं माळ्यावर जाईल. झालं उलटंच. रोज धार झाली की बायको हात धुऊन सरळ स्वयंपाकघरात जायची, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि व्हिडिओ कॉल लावायची. तिकडं पुण्यात लेक ऑफिसला निघायच्या आधी तिची कॉफी करायची, इकडं ही. दोघी एकाच वेळी पाणी ओतायच्या. मग त्या थांबण्याच्या वेळात बोलणं. काय बोलायच्या ते मला पायरीवर नीट ऐकू यायचं नाही, हसणं तेवढं यायचं. मध्येच लेकीचा आवाज चढायचा, "आई, दाब आता, दाब!" आणि पुन्हा हसणं.

"तुमी घ्या चहा, मी आत घेते," असं तिनं पहिल्या दिवशी सांगितलं. नंतर सांगायचीही गरज उरली नाही. मी एका कपाचा चहा करू लागलो.

मला कशाचा राग यावा असं त्यात काही नव्हतं, हे मला कळत होतं. एका बाईला तिच्या मुलीशी बोलायला मिळतंय आणि स्वतःसाठी एक कप काहीतरी करून घ्यायला मिळतंय, एवढंच ते होतं. पण मी पायरीवर बसून जळत होतो. आणि कुणावर जळत होतो हेही मला ठरवता येत नव्हतं. बायकोवर जळायचो, कारण लेक तिची झाली होती. लहानपणी हीच लेक गोठ्यात उपड्या बादलीवर बसून शाळेतलं सगळं मला सांगायची. आईला नाही, मला. आता तिचा मला फोन यायचा तो गाडीचा विमा भरला का विचारायला. आणि लेकीवर जळायचो, कारण माझ्या शेजारची पायरी तिच्यामुळं रिकामी झाली होती. आतून कधीतरी ऐकू यायचं, "पप्पा काय करतायत?" "चहा पितायत बाहेर." आणि विषय पुढं जायचा. माझ्याबद्दलचं बोलणं तेवढंच.

मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. नेमक्या त्याच वेळी मी चारा कापायची कडबाकुट्टी सुरू करू लागलो. तिचा आवाज एवढा, की घरात माणूस माणसाला ऐकू जाऊ नये. एकदा मी दारातून ओरडलो, "अगं, वासरू सुटलं!"

"दाव्याला हाय ते," बायको आतून म्हणाली. "खिडकीतनं दिसतंय मला."

फोनवर लेक हसली.

आळेफाट्यावर माझ्या एका मित्राचं किराणा दुकान आहे. जैन कुटुंब, आजोबांच्या वेळी राजस्थानातून आलेलं. तो माझ्याच वयाचा, आमच्याहून चांगलं मराठी बोलतो. पेंडीची ऑर्डर द्यायला गेलो असता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कॉफी ठेवतो का.

"ठेवतो की. पुडीतली. पण तुझ्या घरी नाही चालायची ती."

"का?"

"वहिनी येऊन गेल्या मागं. जाड दळलेली मिळंल का म्हणत होत्या. मी पुडी दाखवली तर वास घेतला आणि परत दिली. म्हणाल्या, ह्याला वासच न्हाई." तो हसायला लागला. "काय राव, दूधवाल्याच्या घरी काळी कॉफी? बाहेर कुणाला सांगू नकोस, लोक म्हणतील ह्याच्याच दुधात काहीतरी गडबड हाय."

मी हसलो. पण येताना वाटभर मला तेच लागून राहिलं. ती आळेफाट्याला येऊन कॉफी विचारून गेली आणि मला माहीतच नाही. माझ्या बायकोला कुठला वास आवडतो हे किराणा दुकानदाराला माहीत आहे आणि मला नाही. मी तिला आल्याचा चहा आवडतो एवढंच माहीत असलेला माणूस.

उन्हाळा लागला तेव्हा तिच्या भाच्याचा साखरपुडा ठरला. तिचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठी. ती सकाळी लवकर धारा उरकून गेली, संध्याकाळी परत येणार होती. मी डेअरीवरून आलो तर घर मोकळं. ओट्यावर ते काचेचं भांडं पालथं घातलेलं, शेजारी जाळीचा दांडा.

मला वाटलं, आज आपण करून बघू. चांगली झाली तर उद्या सकाळी तिच्याआधी करून ठेवायची, तिच्यासाठी, अगदी चहासारखी. आणि चांगली होण्यासाठी मला एकच गोष्ट सुचली, जी आमच्या गावात कुणालाही सुचली असती. आमच्याकडं पाहुण्याला कोरा चहा दिला तर पाहुणा चार घरी जाऊन सांगतो. बिनदुधाचं काहीही म्हणजे कमीपणा. मी त्या म्हाताऱ्या गाईचं सकाळचं दूध घेतलं, जे आमच्याकडं सगळ्यात घट्ट, ते चांगलं उकळवलं आणि पाण्याऐवजी तेच भांड्यात ओतलं. पावडर घातली. थांबलो. मग दाबायला गेलो तर दांडा निम्म्यावर अडला. सायीनं जाळी तुंबली होती. लेकीनं जोर लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं, पण मशीनचं रबर बसत नसलं की मी जसा तळव्याचा जोर लावतो तसा लावला. दांडा गपकन खाली गेला आणि गरम दूध झाकणाच्या तोटीतून माझ्या सदऱ्यावर, गॅसवर, भिंतीवर. कपात जे आलं त्यात निम्मी पावडर होती. दातात कचकच लागली.

मी ओटा पुसला, भिंत पुसली, सदरा बदलला. भांडं आणि दांडा नळाखाली धरले, गार पाण्यात, घाईघाईनं. वरून स्वच्छ दिसले. जसे होते तसे पालथे घातले.

दुसऱ्या दिवशी बायकोनं कॉफी केली आणि पहिल्या घोटाला कप खाली ठेवला.

"काहीतरी वास येतोय गं," ती फोनवर म्हणाली. "आंबूस."

मी पायरीवर होतो. मला त्याच क्षणी कळलं. डेअरीवर कॅनचं झाकण उघडलं की आधी नाक लावायचं असतं, आणि इतक्या वर्षांत माझं नाक कधी चुकलेलं नाही. कॅन गरम पाण्यानं आणि सोड्यानं धुतला नाही, कडेला जरा साय राहिली, तर दुसऱ्या दिवशीचं सगळं दूध नासतं. गावातल्या कुणालाही विचारा. त्या जाळीला दोन-तीन चकत्या होत्या, त्यांच्या मध्ये साय बसली होती, उन्हाळ्यात रातोरात आंबली होती, आणि रोज गरम पाणी पडलं की ती थोडी विरघळून पुन्हा तिथंच बसणार होती. मला उठून आत जायचं होतं आणि सांगायचं होतं.

मी चहा संपवला आणि डेअरीवर गेलो.

तिला तो वास दुधाचा आहे हे ओळखू आलं नाही. कसं येणार? तिच्या हातालाच दिवसरात्र तो वास. तिला वाटलं, पावडरीला मुरघासाचा वास लागला. मुरघासाच्या, म्हणजे आंबवलेल्या चाऱ्याच्या, पिशव्या मी मागच्या खोलीत ठेवतो. लेकीनं कुरिअरनं नवी पावडर पाठवली. तीही तशीच लागली. लेक तिकडून विचारायची, पाणी जास्त गरम होतंय का, जास्त वेळ ठेवतेस का, भांडं नीट धुतेस का. ही सांगायची, समदं तू सांगितलंस तसंच करतेय. तिच्या आवाजातली मजा हळूहळू कमी होत गेली आणि ती माफी मागितल्यासारखं बोलू लागली.

एके दिवशी मी तिला म्हणताना ऐकलं, "मला नाय जमत गं तुझ्यासारखं. ऱ्हाऊ दे. वय झालं की जिभेची चव जाती म्हणत्यात, तसं असंल."

त्या दिवसानंतर सकाळचा कॉल रात्री जेवणानंतर होऊ लागला, दोन मिनिटांचा, जेवलीस का, झोपलीस का असा. काचेचं भांडं ओट्याच्या कोपऱ्यात गेलं. तिनं त्यात चमचे आणि पळ्या उभ्या करून ठेवल्या. जाळीचा दांडा खिळ्याला अडकवला. आणि सकाळी धार झाली की ती पुन्हा पायरीवर येऊन बसू लागली. मी पुन्हा दोन कप चहा करू लागलो.

मला बरं वाटलं. हे मी लिहितोय कारण ते खरं आहे. ती माझ्या शेजारी खांदे पाडून बसायची, चहा प्यायची, उसाकडं बघत राहायची, आणि मला बरं वाटायचं. पहिल्या दिवशी जे झालं ती चूक होती, कुणाकडूनही व्हावी अशी. पण नंतर रोज सकाळी मी चहा गाळताना समोरच्या खिळ्याकडं बघायचो आणि गप्प बसायचो. ती चूक नव्हती.

मग लेकीचा फोन आला की ती शनिवारी येतेय.

मी घाबरलो. ती आली की भांडं काढणार, जाळी बघणार, तिला कळणार. शुक्रवारी बायको शेजारच्या वस्तीवर पापड करायला गेली तेव्हा मी दांडा खिळ्यावरून काढला आणि गोठ्यातल्या नळावर नेला. जाळी फिरवली तर ती सुटी झाली. मशीनचे भाग सोडवायची सवय असलेल्या हाताला ते काहीच अवघड नव्हतं. चकत्यांच्या मध्ये पिवळट थर होता. वास असा, की डेअरीवर असा कॅन आला असता तर मी परत पाठवला असता आणि चारचौघांत बोललोही असतो. कढत पाणी, धुण्याचा सोडा, मशीनच्या नळ्यांचा ब्रश. दोनदा धुतली, नाकाशी धरली, तिसऱ्यांदा धुतली. पुन्हा जोडून खिळ्याला लावली. भांड्यातल्या पळ्याही होत्या तशा. आता कुणालाच काही कळणार नव्हतं, आणि कॉफीही चांगली होणार होती. त्या रात्री मला वाटलं, सुटलो.

रविवारी सकाळी धार झाल्यावर लेकीनं भांड्यातले चमचे काढले. "आई, काय हे! चल, आज आपण दोघी करू."

"तू कर. मी बघते."

मी पायरीवर गेलो नाही. चहाचा कप घेऊन आतल्या दारातच उभा राहिलो. लेकीनं पाणी ओतलं, हलवलं, थांबली. बायको हात पदराखाली धरून बघत होती, परीक्षा दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. दांडा खाली गेला. लेकीनं कप तिच्या हातात दिला.

तिनं घोट घेतला आणि डोळे मिटले. तेवढा एक क्षण तिचा चेहरा दिवाळीतल्यासारखा झाला. मग तो उतरला.

"बघ," ती म्हणाली. "तुझ्या हातची अशी व्हती. भांडं तेच, पावडर तीच, पाणी हितलंच. माझ्याच हातात नाय."

"आई, असं काही नसतं."

"असतंय. घेऊन जा तू हे पुण्याला. हितं उगं चमचे ठेवायला कशाला काचेचं भांडं?"

ती भांडं धुवायला घेत होती, खोक्यात भरायचं म्हणून. मी शुक्रवारी जे केलं त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. माझी चूक मी अशी पुसली होती की ती कायमची तिच्या नावावर पडली होती.

"तुझ्या हातात काही खोट नव्हती," मी म्हणालो. "जाळीत साय होती."

दोघींनी माझ्याकडं पाहिलं.

"मी त्यात दूध घातलं होतं. उकळून. परवा मी ती धुतली."

लेक आधी मोठ्यानं हसली. "पप्पा! फ्रेंच प्रेसमध्ये दूध? अहो, म्हशीचं का गाईचं?" मग आई हसत नाहीये हे पाहून ती थांबली.

"कवा?" बायकोनं विचारलं.

"तू साखरपुड्याला गेली होतीस तेव्हा."

"आणि तुमाला कळलं कवा, जाळीत साय हाय ते?"

परवा, असं मला म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं.

"दुसऱ्याच दिवशी."

तिनं भांडं ओट्यावर ठेवलं. "कुणाच्या कॅनला वास हाय ते झाकण उघडायच्या आत सांगता तुमी. आणि मी हितं म्हणत व्हते, माझी जीभ गेली. पोरीला माफी मागत व्हते. तुमी ऐकत व्हता बाहेर?"

"हो."

"का पण?"

पन्नाशीला टेकलेला माणूस, घरात जावई यायचे दिवस आले, आणि मी दारात कप धरून उभा. "तुम्ही दोघी आत हसता," मी म्हणालो. "मी बाहेर असतो."

"मग आत यायचं ना पप्पा," लेक म्हणाली. "तुम्हालाही दिली असती."

"त्यांना कॉफी नको व्हती गं," बायको म्हणाली. ती चिडून बोलत नव्हती, त्यामुळं ऐकणं जास्त अवघड होतं. "लई वर्सं झाली मला ह्या घरात. हाताला दूध, पदराला दूध, केसाला दूध. माहेरी उंबऱ्यात पाऊल टाकलं की पोरं म्हणत्यात, आत्या आली, दुधाचा वास आला. साखरपुड्याला नवं लुगडं नेसून गेले तरी तेच म्हणाली. एक कप व्हता माझा, ज्याला दूध शिवलं नव्हतं. तुमी नेमकं त्यातच घातलंत."

दिवाळीत तिनं कपावर ठेवलेला तळवा मला आठवला. आणि तरीही, त्या क्षणीसुद्धा, माझ्या तोंडून काय निघालं? "म्हणजे माझा चहा तुला आवडत नव्हता?"

लेकीनं कपाळाला हात लावला.

"पायरीवर बसायला आवडायचं," बायको म्हणाली. "चहात निम्मं पाणी घाला असं कितींदा तोंडावर आलं. पण तुमी आल्यागेल्याला कौतुक सांगत बसायचा. मग कशाला बोला."

भांडं पुण्याला गेलं नाही. लेक संध्याकाळच्या एसटीनं एकटीच गेली; फाट्यावर मी सोडायला गेलो तेव्हा गाडीत चढता चढता म्हणाली, "पप्पा, मला पण फोन करत जा की. विमा सोडून." मी हो म्हणालो. अजून मी रविवारीच करतो, आणि काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवावं लागतं.

बायको काही दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पहाटे मात्र बादल्या घेऊन माझ्या मागं चालायची. बिबट्याला आमच्या भांडणाचं काय. सकाळची कॉफी पुन्हा सुरू झाली, फोन पुन्हा साखरेच्या डब्याला टेकला. पहिल्याच दिवशी तिनं जाळी सोडवून माझ्यापुढं ठेवली. "ही रोज तुमी धुवायची. कॅन धुता तशी."

तेव्हापासून ते काम माझं आहे. डेअरीवर जायच्या आधी मी गोठ्याच्या नळावर बसतो, चकत्या सुट्या करतो, कढत पाण्यातून काढतो. आतून दोघींचं हसणं येतं. मनाला अजूनही लागतं. लागणार नाही असं मला वाटलं होतं, पण तसं होत नाही. रोज थोडं लागतं. कडबाकुट्टी मात्र मी आता दुपारी लावतो.

काल आतून लेकीचा आवाज आला, "पप्पा नीट धुतायत का?"

"धुतायत," बायको म्हणाली. "वास घेऊन घेऊन बघतायत, डेअरीवाल्यावानी."

दोघी हसल्या. मग फोन बंद झाल्याचा आवाज आला आणि ती दारात आली. हातात कप नव्हता. पायरीवर बसली, तिच्या नेहमीच्या बाजूला.

"चहा हाय का?"

"आहे. निम्मं पाणी घातलंय."

"अर्धा कप द्या."

मी हात पुसून आत गेलो, चहा आणून दिला आणि नळावर परत आलो. तिनं एक घोट घेतला, उसाकडं बघितलं.

"आलं जास्त झालंय," ती म्हणाली. "कायमच जास्त व्हतं तुमचं."

"उद्या कमी घालतो," मी म्हणालो, आणि जाळी पुन्हा एकदा नाकाशी धरून वाळत घातली.